पंचमी संपेपर्यंत दगड हलणार नाही

शुक्रवार, ९ ऑगस्ट. नागपंचमी. स्थळ: मिसिसागा, आमचं आणि शेजारचं बॅकयार्ड.

हजर: मी. सासूबाई, वय चौऱ्याहत्तर, साताऱ्याहून सहा महिन्यांच्या मुक्कामाला. नवरा, वरच्या खोलीत घरून काम करत, म्हणजे निम्मा हजर. शेजारचे आजोबा, वय एकोणऐंशी, मूळचे स्कॉटलंडचे. त्यांच्या स्कॉटिश मंडळाच्या अध्यक्षबाई. ट्रकवाला. दगड, एक.

ही हजेरी मी आदल्या संध्याकाळीच वहीत लिहून ठेवली होती. छातीइतक्या उंचीचा दगड उपटून ट्रकवर चढवायचा तर कोण कुठे उभं राहणार हे आधी ठरलेलं बरं. प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहिलं होतं. सासूबाईंच्या नावापुढे 'चहा' असं लिहिलं होतं. यादीतली ती पहिली चूक.

दगड आजोबांनी स्वतः कोरलेला होता. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते हिवाळ्यात गॅरेजमध्ये हीटर लावून बसत आणि ठोकत. आम्ही हे घर घेतलं तेव्हा पहिले दोन महिने मला वाटत होतं, त्यांच्या गाडीत काहीतरी बिघाड आहे. मग एका वसंतात चार माणसांनी मिळून तो दगड त्यांच्या बॅकयार्डच्या कोपऱ्यात, आमच्या कुंपणाला लागून उभा केला. वर एक नाग, वळणं घेत जाणारा, आणि त्याच्या अंगातून आरपार गेलेली, दोन ठिकाणी मोडलेली काठी. त्याखाली दांडीने जोडलेल्या दोन मोठ्या चकत्या, चष्म्यासारख्या. सगळ्यात खाली आरसा आणि फणी.

ही नक्कल होती. अस्सल दगड स्कॉटलंडमध्ये, आजोबांच्या गावाजवळ रस्त्याच्या कडेला उभा आहे. शाळेत जाता-येता ते त्याला टेकून बूट झटकत असत. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी तिकडे पिक्ट नावाचे लोक राहत. त्यांनी असे पुष्कळ दगड कोरले, पण मागे पोथ्या ठेवल्या नाहीत. त्याच त्याच खुणा दूरदूरच्या गावांत पुन्हा पुन्हा सापडतात, म्हणजे त्यांना काहीतरी ठरलेला अर्थ होता हे उघड आहे. काय, ते कुणालाच माहीत नाही. माणसांची नावं असतील, घराण्यांच्या सोयरिकी असतील, हद्दी असतील, मेलेल्यांची आठवण असेल. माझ्या दृष्टीने हे असं झालं, की कुणीतरी सगळ्या फायलींना नीटनेटकी लेबलं लावली आणि लेबलं वाचायची किल्ली घेऊन निघून गेलं. मला अशा माणसांचा राग येतो. आजोबांना मात्र ज्यांना किल्ली सापडली असं वाटतं त्यांचा राग येई. त्यांच्याकडे या दगडांवरची दोन फळ्या भरून पुस्तकं होती आणि प्रत्येक पुस्तकात त्यांनी 'बहुधा' या शब्दाला पेन्सिलने गोल केले होते. काही पानांवर गोलच जास्त होते.

त्या उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि गाडीने चार तासांवरच्या विंडसरला मुलीने तळमजल्यावरची खोली तयार ठेवली होती. सोमवारी घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. घर घेणाऱ्यांना बॅकयार्डमध्ये पोहण्याचा तलाव हवा होता, नेमका त्या कोपऱ्यात. मुलीकडे दगडाला जागा नव्हती. तेव्हा एकच आशा होती: स्कॉटिश मंडळाच्या हॉलसमोर बाग आहे, तिथे तो लावावा. नाहीतर तलाव खणणारे त्याचे तुकडे करून घेऊन जाणार होते. त्यांनी तसं सांगूनही ठेवलं होतं, अगदी सभ्यपणे.

आजोबांची निरवानिरवीची यादी ग्रोसरीच्या जाहिरातीच्या मागच्या बाजूला होती आणि तिच्यात 'दगड?' एवढंच लिहिलेलं होतं. प्रश्नचिन्हासकट. ते मला बघवेना. मी विमानतळाजवळ एका मालवाहतूक कंपनीत काम करते, दिवसभर इकडचे खोके तिकडे पोचवते. मी ती जाहिरात त्यांच्या हातातून घेतली आणि अकरा कलमांची यादी केली. मंडळाशी पत्रव्यवहार, ट्रक, क्रेन, पट्टे, खाली घालायला जुन्या गाद्या. त्यांचं मंडळ आमच्या महाराष्ट्र मंडळासारखंच निघालं. तीन महिने ईमेल, त्यात दोन गट, एका गटाचं म्हणणं की दगडापेक्षा पार्किंग वाढवा. शेवटी ठरलं की अध्यक्षबाई ट्रक घेऊन येतील, दगड पाहतील, एक फॉर्म भरतील, आणि फॉर्म पूर्ण भरला तरच दगड उचलतील.

यादीत सगळं होतं. नव्हता फक्त नागोबाचा कागद.

सासूबाई साताऱ्याहून येताना काय काय आणायचं, ती यादीही मीच पाठवली होती. गोडा मसाला, कुळथाचं पीठ, नवऱ्याचे बनियन. नागपंचमीला पुजायचा छापील कागद लिहायचा राहिला. गुरुवारी हे लक्षात आलं तेव्हा मी म्हटलं, प्रिंटरवर काढून देते. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "राहू दे, मी बघते." मी यावर टिकमार्क करून टाकला.

शुक्रवारी सकाळी साडेआठला मी कचऱ्याचा डबा आत घ्यायला बाहेर आले, तर कुंपणाचं फाटक उघडं. सासूबाई दगडासमोर. नागाला हळद लावलेली, हळदीवर कुंकू, कुंकवावर अक्षता. चकत्यांना एकेक बोट. फणीला आणि आरशालाही, कुणाला वगळलं असं वाटायला नको म्हणून. वरून कापसाचं वस्त्र. पायथ्याशी वाटीत दूध आणि ज्वारीच्या लाह्या न मिळाल्यामुळे मक्याच्या, मायक्रोवेव्हमधल्या, लोण्याच्या वासाच्या.

"आई, हा दगड त्यांच्या मंडळाला जायचाय. दुपारी माणसं येणार आहेत."

"मंडळाचा कसला? नागोबा आहे. दिसत नाही का तुला? आमच्या पिंपळाखाली आहे तसाच."

"हा स्कॉटलंडचा आहे."

"असेल. नाग काय फक्त साताऱ्यातच असतात?"

वाळूखडक हळद पितो, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी तिथेच उभ्याउभ्या फोनवर वाचून काढलं: व्हिनेगर नको, लिंबू नको, ब्लीच तर मुळीच नको, हळद उन्हाने आपोआप उडते. किती दिवसांनी, ते कुठेच नव्हतं. माझ्याकडे साडेपाच तास होते.

एवढ्यात आजोबा कॉफीचा मग घेऊन मागच्या दाराने बाहेर आले. मी माफीची वाक्यं जुळवत होते. त्यांनी मग कुंपणाच्या खांबावर ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि जिथे होते तिथेच थांबले. सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि आजोबांना मराठी, पण कुंपणावरून टोमॅटो आणि कोथिंबिरीची देवाणघेवाण करत दोघांचं तीन महिने छान चाललं होतं. दोघंही आपापल्या भाषेत मोठ्याने बोलत. सासूबाई म्हणाल्या, "या दादा," आणि त्यांच्या हातात दूर्वा दिल्या. त्यांनी त्या नीट नागाच्या डोक्यापाशी ठेवल्या. मग त्यांना प्रसादाच्या लाह्या मिळाल्या. त्यांच्या खाऊन झाल्यावर हळद पुसायचं काय करायचं ते मी विचारलं. ते म्हणाले, असू दे. इथली माणसं सभ्यतेपोटी कशालाही 'असू दे' म्हणतात. मी वहीत 'हळद' असं नवं कलम लिहिलं.

दोन वाजता ट्रक आला. छोटी क्रेन त्याच्यावरच बसवलेली होती. ट्रकवाला न्यूफाउंडलंडचा, म्हणजे कोळ्यांच्या बेटावरचा, पन्नाशीचा, रुंद. अध्यक्षबाई त्याच्यामागून आपल्या गाडीने आल्या. त्यांच्या हातात क्लिपबोर्ड होता, क्लिपबोर्डला दोन पेनं लावलेली होती, आणि दुसरं पेन पहिलं बंद पडलं तर म्हणून होतं. मला त्या लगेच आवडल्या.

ट्रकवाल्याने दगडाभोवती एक चक्कर मारली, हळदीकडे पाहिलं आणि फावडं काढलं. त्याने ते मातीत रोवायला पाय उचलला, तोच स्वयंपाकघराचं दार उघडलं. सासूबाई, ज्यांचं काम चहा होतं, त्या हात पुसत अंगण ओलांडून आल्या आणि दगड आणि फावडं यांच्यामध्ये उभ्या राहिल्या.

"आज खणायचं नाही. सांग त्याला."

मी सांगितलं. का, ते पण सांगावं लागलं. आज जमीन खणत नाहीत, नांगरत नाहीत, काही चिरत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. एका शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं मेली आणि मग नागिणीने काय केलं, ती कहाणी मी भर दुपारी इंग्रजीत सांगितली. मी रोज सकाळी वीस जणांना कामाच्या ईमेल पाठवणारी बाई आहे. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की दगड उपटायला शुक्रवार मीच निवडला होता, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याच चौकोनात नागपंचमी छापलेली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सण, फोनवर ट्रक. दोन्ही कधी एकत्र पाहिले नाहीत.

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. क्रेनसकट ट्रक उद्या सकाळी परत द्यायचा होता. शनिवार-रविवार हॉल लग्नाला दिला होता. सोमवारी घर दुसऱ्याचं. आजोबा दगडाला टेकले, लहानपणी त्या दुसऱ्याला टेकत असतील तसे.

ट्रकवाल्याने मात्र फावडं खाली ठेवलं. त्याची आजी होडीवर डुकराचं नावही घेऊ द्यायची नाही, असं त्याने सांगितलं. त्याच्या काकाने एकदा घेतलं होतं. पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

मग मी नवऱ्याला हाक मारली. तो मीटिंगमधून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली हाफपँट, खाली आला. त्याच्या फोनवर पंचांग आहे. साताऱ्यात पंचमी कधी संपते, इथे तेव्हा किती वाजलेले असतात, हे त्याने दोनदा मोजलं आणि म्हणाला, "इथल्या पाच चव्वेचाळीसला संपते."

"म्हणजे पावणेसहाला खणलं तर चालेल ना, आई?"

सासूबाईंनी विचार केला. "षष्ठी लागली की चालेल. पण घड्याळ मी बघणार."

पावणेचार तास काढायचे होते. ट्रकवाला चारला सुटणार होता, कारण त्याचा शुक्रवार चारला संपायचा. तो प्रश्न सासूबाईंनी मला न विचारता सोडवला. त्यांनी पुरणाचे दिंड बाहेर आणले. कणकेच्या चौकोनी पुड्या, आत पुरण, वाफवलेल्या, वरून तूप. अध्यक्षबाईंना अर्धाच हवा होता म्हणून त्यांनी सुरी मागितली; सासूबाईंनी मान हलवली आणि तो अख्खाच त्यांच्या बशीत ठेवला. आज सुरी नाही. ट्रकवाल्याने पहिला दिंड खाल्ला, ऑफिसला फोन करून उशीर होईल असं कळवलं, आणि दुसरा घेतला. पुढचं मी मोजलं नाही. सासूबाईंनी मोजलं, आणि साताऱ्यात अजूनही सांगतात.

त्या वेळात फॉर्म भरू, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. उंची, रुंदी, दगडाचा प्रकार, कोरणाऱ्याचं नाव. भराभर झालं. मग त्या म्हणाल्या, "अर्थ. दोन ओळी. फलकावर येतील."

"माहीत नाही," आजोबा म्हणाले.

अध्यक्षबाईंना वाटलं ते विनोद करताहेत. बागेत येणारी मुलं विचारतील, नाग कशासाठी? आरसा कशासाठी? काहीतरी लिहायला हवंच, चौकट रिकामी ठेवून फॉर्म पुढे जात नाही. आजोबा म्हणाले, मुलांना सांगा की कुणालाच माहीत नाही, मुलांना आवडेल. त्या म्हणाल्या, कार्यकारिणीला आवडणार नाही. पार्किंगवाला गट अशीच एखादी रिकामी चौकट शोधतोय. इतर लोक लिहितात ना, नाग म्हणजे पुनर्जन्म, तेच लिहू. आजोबांचे कान लाल झाले.

मी सासूबाईंना काय चाललंय ते सांगितलं. त्यांना यात काही अवघड दिसेना. "लिही की. नागोबा राखण करतो. खाली आरसा-फणी आहे, म्हणजे बाईमाणसाचा दगड." मी तेही इंग्रजीत सांगितलं, कारण दोन ओळी भरत होत्या. अध्यक्षबाईंनी लगेच पेन टेकवलं.

आजोबांनी क्लिपबोर्डवर हात ठेवला. आरसा-फणी बाईची, असं पुस्तकंही म्हणतात, त्यांनी शांतपणे सांगितलं, पण बहुधा. आपण ती का कोरली ते मात्र त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांचा विचार नाग आणि चकत्यांवरच थांबायचा होता. बायको गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, दुसरा हिवाळा इथेच बसणार असशील तर खालचंही कोर, तेवढंच माझ्यासारखं दिसतं. "तेवढंच मला ठाऊक आहे, आणि ते फलकावर लिहिणार नाही. बाकीचं खोटं लिहायचं असेल तर दगड इथेच राहू दे."

ट्रकवाला चघळायचा थांबला. सोमवारी त्या कोपऱ्यात काय येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आजोबांना सर्वांत जास्त. मला त्यांचा फार राग आला. अकरा कलमांपैकी दहा झाली होती.

अध्यक्षबाई फॉर्मकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुढचं कलम वाचलं, कदाचित बोलायला काहीतरी हवं म्हणून. पृष्ठभागाची स्थिती. पेनाने त्यांनी हळदीकडे दाखवलं. "आणि हे? हे साफ करून द्याल ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," आजोबा म्हणाले. "मी आयुष्यभर या दगडांबद्दल वाचतोय. त्यांच्यासमोर कुणी काही करताना मी आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं. चौदाशे वर्षांपूर्वी काय करायचे, माहीत नाही. पण करायचे काहीतरी. तेवढं राहू दे."

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणतायत दादा?"

"हळद पुसायची नाही म्हणतात."

"मग? पुसायची कशाला?" असं म्हणून त्यांनी दादांच्या बशीत आणखी एक दिंड वाढला.

अध्यक्षबाईंनी पृष्ठभागासमोर काहीतरी बरंच लिहिलं. मग माझ्या वहीकडे वाकून पाहिलं. माझ्या प्रत्येक पानावर उजवीकडे एक रकाना असतो, त्यावर 'बाकी' लिहिलेलं असतं. हे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं: जे काम नाकारलेलं नाही, पण आज होत नाही, ते इथे जातं, पुढे एका माणसाचं नाव लिहून. त्यांनी मान डोलावली. स्वतःच्या फॉर्मला पट्टीने तसाच एक रकाना आखला, 'अर्थ' समोर 'नंतर येईल' लिहिलं, आणि मला माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

पाच चव्वेचाळीसला ट्रकवाला उठला. सासूबाईंनी त्याला बसवलं. घड्याळं पुढेमागे असतात, चार मिनिटं जास्त गेलेली बरी. मग त्यांनी दगडाला नमस्कार केला, बाजूला झाल्या आणि हाताने इशारा केला. सात वाजता दगड माझ्या जुन्या गाद्यांवर आडवा झालेला होता, तोंड वर करून, कापसाचं वस्त्र तसंच. आजोबा ट्रकमध्ये पुढे बसले. त्यांनी खिडकीतून टोपी काढली. ती आम्हाला की घराला, हे मी विचारलं नाही.

आता तो दगड हॉलसमोर आहे. हळद सप्टेंबरअखेर उडाली. कुंकू नागाच्या खाचेत अजून आहे, फिकट, आणि लोक थांबून त्याबद्दलच विचारतात. पार्किंगवाला गट गप्प आहे. इकडे शेजारी तलाव झाला. सासूबाई परत गेल्या. त्यांनी मला नागोबाचे सहा कागद पाठवले, पुढची सहा वर्षं मी विसरणार हे गृहीत धरून.

दोन ओळी बाकी आहेत. मी आजवर नऊ मसुदे केले. रविवारी सकाळी आजोबा विंडसरहून फोन करतात, मी वाचून दाखवते, ते ऐकतात आणि कोणता शब्द खोटा आहे ते सांगतात. चौथ्यात 'प्राचीन श्रद्धा' होतं, ते त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. सातव्यात मी 'बहुधा' चार वेळा घातलं होतं, ते त्यांना आवडलं, पण अध्यक्षबाई म्हणाल्या, पितळेच्या पत्र्यावर अक्षरागणिक खर्च येतो. सासूबाईंचा मसुदा व्हॉइस मेसेजने आला, तो पावणेचार मिनिटांचा आहे आणि त्यात दिंडांचा आकडा आहे.

पत्रा कापून आलेला आहे. चार स्क्रू माझ्या ड्रॉवरमध्ये पाकिटात आहेत, पाकिटावर 'दगड' लिहिलंय. दहावा मसुदा रविवारपर्यंत करायचा आहे. आत्ता शुक्रवार आहे, आणि कागदावर अजून पहिलाच शब्द झालाय: 'नाग'. त्याबद्दल कुणाची हरकत नाही.